नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढवूनही बीपी का चढत नाही? सेप्टिक शॉक आणि पेशींवरचे रिसेप्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेप्टिक शॉकमधल्या, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णाचा दाब चढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा वेग तासातासाला वाढवत नेला, तरी मॉनिटरवरचा दाब जागचा हलत नाही. औषध तेच, पंप चालू, लाइन मोकळी. मग पेशींच्या पातळीवर असे काय झालेले असते, आणि ते कळल्याने खाटेपाशी काही वेगळे करता येते का?

करता येते. पण आधी एक गोष्ट मनात पक्की हवी. पंपावरचा आकडा फक्त रक्तात किती औषध गेले ते सांगतो. रक्तवाहिनीने त्यातले किती ऐकले, हे रिसेप्टर, म्हणजे पेशीची निरोप घेणारी प्रथिने, ठरवतात.

रक्तदाब म्हणजे हृदयातून मिनिटाला बाहेर पडणारे रक्त गुणिले त्याला वाटेत होणारा रोध. हा रोध मुख्यतः धमनिकांत, म्हणजे अगदी बारीक धमन्यांत, ठरतो. तिथे व्यासातला थोडा फरकही फार मोठा असतो, कारण रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली की रोध जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो, आणि २० टक्क्यांनी वाढली की निम्म्याच्याही खाली जातो. शरीरभरच्या धमनिका एकदम जराशा सैलावल्या, तर हृदय चांगले असूनही दाब कोसळतो तो यामुळेच.

धमनिकेच्या भिंतीत अरेखित स्नायूंच्या पेशी असतात. रक्तात नॉरअ‍ॅड्रेनालिन किती आहे ते या पेशीला थेट कळत नाही. तिला कळतो तो फक्त तिच्या आवरणात बसलेल्या अल्फा-१ रिसेप्टरचा निरोप. हा रिसेप्टर आतल्या जी-क्यू प्रथिनाला जागे करतो, ते फॉस्फोलायपेज-सी या विकराला, तो आयपी-३ तयार करतो आणि आयपी-३ मुळे पेशीच्या साठ्यातले कॅल्शियम बाहेर येते. कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला चिकटते, मायोसिन लाइट चेन कायनेज चालू होते, मायोसिनवर फॉस्फेट चढतो आणि स्नायू आखडतो. तोच फॉस्फेट उतरवणारे फॉस्फटेजही शेजारीच काम करत असते. रक्तवाहिनीचा ताण म्हणजे या चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या विकरांमधली क्षणाक्षणाची रस्सीखेच.

व्हॅसोप्रेसिनचा व्ही१ए रिसेप्टर आणि अँजिओटेन्सिन-२ चा एटी-१ रिसेप्टर हेही याच साखळीला येऊन मिळतात. वाड्याला दारे तीन, आतला जिना एकच, असे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. एक दार अडकले तर दुसऱ्याने आत जाता येते. पण जिनाच मोडला असेल, तर तिन्ही दारे सताड उघडूनही वर पोचता येत नाही. सेप्टिक शॉकमध्ये दारेही अडकतात आणि जिनाही खिळखिळा होतो. उपचार निवडताना यातले काय जास्त बिघडले आहे, हाच खरा प्रश्न असतो.

दाहाची सुरुवात कुठल्या रिसेप्टरपासून होते

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाह्य आवरणात लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन असते. रक्तातले एक वाहक प्रथिन ते उचलून सीडी-१४ कडे देते आणि तिथून ते एमडी-२ व टीएलआर-४ या जोडीवर बसते. टीएलआर म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर. फळमाशीतल्या टोल जनुकाचा संसर्गाशी असलेला संबंध ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवला. एंडोटॉक्सिनला दाद न देणाऱ्या उंदरांत टीएलआर-४ चे जनुकच बिघडलेले असते, हे ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. दोघेही २०११ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

सगळे जंतू याच वाटेने येत नाहीत. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंचे लायपोप्रोटीन टीएलआर-२ ओळखतो. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दिसणाऱ्या लेप्टोस्पायराच्या आवरणातही लायपोपॉलिसॅकराइड असते, पण माणसाचा टीएलआर-४ ते नीट ओळखत नाही. तिथेही टीएलआर-२ लाच काम करावे लागते. पुढची वाट मात्र सारखीच: एनएफ-कप्पा-बी हे जनुके चालू करणारे प्रथिन केंद्रकात शिरते आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ यांचे उत्पादन सुरू होते. ही सायटोकाइन्स, म्हणजे दाहाचे निरोप नेणारी प्रथिने, रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या आपापल्या रिसेप्टरवर बसली की बिघाडाला तोंड फुटते.

माणूस या बाबतीत फार हळवा आहे. संशोधनासाठी निरोगी स्वयंसेवकांना शुद्ध एंडोटॉक्सिन देतात, तेव्हा वजनाच्या किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅममध्येच ताप, थंडी आणि थोडा दाब उतरणे दिसते. उंदराला शॉकमध्ये न्यायला मात्र मिलिग्रॅममध्ये डोस लागतो. म्हणून उंदरावर झालेला प्रत्येक प्रयोग जसाच्या तसा आपल्या रुग्णाला लावू नये. पुढे लिहिलेल्या बऱ्याच यंत्रणा प्राण्यांत जितक्या ठसठशीत दिसतात तितक्या माणसात दिसत नाहीत, हे वाचताना लक्षात ठेवा.

नॉरअ‍ॅड्रेनालिन निष्प्रभ का होते

पहिले कारण खुद्द अल्फा-१ रिसेप्टरमध्ये आहे. कुठल्याही रिसेप्टरवर औषध सतत बसून राहिले तर जीआरके नावाची विकरे त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चढवतात. मग त्यावर बीटा-अरेस्टिन येऊन बसते, रिसेप्टरचा जी-प्रथिनाशी संबंध तुटतो आणि तो आवरणातून आत ओढला जातो. निरोगी शरीरात हे संरक्षण असते. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने शरीरभर उसळलेल्या दाहात, रुग्णाचे स्वतःचे अ‍ॅड्रेनालिन-नॉरअ‍ॅड्रेनालिन आधीच कित्येक तास चढलेले असते, वरून आपण ओततो. शिवाय सायटोकाइन्समुळे अल्फा-१, व्ही१ए आणि एटी-१ या तिन्ही रिसेप्टरच्या जनुकांची अभिव्यक्ती घटते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

परिणामी डोस आणि प्रतिसाद यांचा आलेख दोन प्रकारे बदलतो. तो उजवीकडे सरकला, तर जास्त डोस देऊन तेवढाच परिणाम मिळवता येतो. त्याचा माथाच खाली आला, तर कितीही डोस दिला तरी तो परिणाम मिळत नाही, कारण बसायला रिसेप्टरच उरलेले नसतात. सुरुवातीच्या तासांत ०.०५ वरून ०.१ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट केले की मॅप, म्हणजे सरासरी धमनीदाब, झटकन वर येतो. तोच रुग्ण दुसऱ्या दिवशी ०.८ वरून १.० ला हूं की चूं करत नाही. तोवर तो आलेखाच्या सपाट माथ्यावर पोचलेला असतो. तिथून पुढे दाब वाढत नाही, वाढतात ते फक्त दुष्परिणाम: काळी पडणारी बोटे, आतड्याचा घटलेला रक्तपुरवठा, हृदयाचे अनियमित ठोके.

दुसरे कारण नायट्रिक ऑक्साइड. रक्तवाहिनीच्या अस्तरात हा वायू नेहमीच थोडा थोडा तयार होतो, पण त्याचे विकर कॅल्शियमच्या लगामाखाली असते. सायटोकाइन्समुळे आयनॉस हे दुसरेच विकर जन्माला येते. त्याला कॅल्शियमचा लगाम नाही, त्यामुळे ते तासन्‌तास नायट्रिक ऑक्साइड ओतत राहते. हा वायू स्नायूपेशीत शिरून विद्राव्य ग्वानिलेट सायक्लेज चालू करतो, सायक्लिक जीएमपी वाढते आणि मायोसिनवरचा फॉस्फेट उतरवणारे फॉस्फटेज जोरात येते. म्हणजे अल्फा-१ ने निरोप पोचवला तरी जिन्यावर कोणीतरी उलट ढकलत असतो.

तिसरे कारण पोटॅशियमच्या केएटीपी मार्गिका. पेशीतली ऊर्जा घटली, आम्लता वाढली, लॅक्टेट साठले किंवा नायट्रिक ऑक्साइड वाढले की या मार्गिका उघडतात. पोटॅशियम बाहेर जाते, पेशीच्या आवरणाचा विद्युतभार अधिक ऋण होतो आणि कॅल्शियमच्या मार्गिका बंदच राहतात. बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमची वाट बंद झाली की आकुंचन टिकत नाही. पीएच ७.१५ असताना नॉरअ‍ॅड्रेनालिन फिके का पडते, याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे.

आणखी दोन गोष्टी याच वेळी घडत असतात, आणि त्या विसरल्या की उपचार फसतो. एक म्हणजे गळती. अस्तराच्या पेशींवरचा टाय-२ रिसेप्टर अँजिओपोएटिन-१ मुळे शांत राहतो आणि पेशींमधले सांधे घट्ट ठेवतो. दाहात अस्तर स्वतःच अँजिओपोएटिन-२ सोडते, ते ही घट्ट पकड सोडवते. ब्रॅडिकायनिन आपल्या बी-२ रिसेप्टरमधून त्याच दिशेने ढकलते, आणि एरवी जवळजवळ नसणारा बी-१ रिसेप्टरही दाहात उगवतो. प्लाझ्मा बाहेर झिरपतो, नळ्या रुंदावतात आणि आतला साठा कमी होतो. दुसरी गोष्ट हृदयाची. बीटा-१ रिसेप्टरही अल्फा-१ सारखेच थकतात, आणि डावी जवनिका मंद होते. त्यामुळे रोध आणि प्रवाह दोन्ही पडू शकतात. फक्त रोधाकडे पाहून अल्फा-१ रेटत राहिले, तर आधीच दमलेल्या हृदयापुढे भिंत उभी केल्यासारखे होते.

एकच ९०, दोन वेगळे आजार

यावर सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे खालचा आकडा बघणे. समजा दोन रुग्णांचा वरचा दाब ९० आहे. पहिल्याचा ९०/३०, हातपाय गरम, नाडी उसळती. त्याचा मॅप ५०. ही रिसेप्टर थकून सैलावलेली रक्तवाहिनी आहे, इथे नॉरअ‍ॅड्रेनालिन लवकर हवे. दुसऱ्याचा ९०/७०, हातपाय थंड, बोट दाबून सोडल्यावर केशिका भरायला चार सेकंद. त्याचा मॅप जवळजवळ ७७ येतो आणि कागदावर तो बरा वाटतो. पावसाळ्यात महाराष्ट्रात हे चित्र दिसले तर डेंग्यू शॉक आधी आठवावा. तिथे नाडीदाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांतला फरक, २० किंवा त्याहून कमी होतो. डेंग्यूच्या विषाणूचे एनएस-१ प्रथिनही टीएलआर-४ वर बसते असे प्रयोगांत दिसले आहे, पण रोग्याच्या खाटेपाशी मुख्य बिघाड असतो तो गळतीचा. त्याचे अल्फा-१ रिसेप्टर उत्तम चालत असतात, किंबहुना पूर्ण जोर लावून चालत असतात. म्हणून तर खालचा दाब उंच आहे. त्याला द्रव हवा, हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर, नजर ठेवून. नॉरअ‍ॅड्रेनालिनने आकडा सजेल आणि अवयव उपाशी राहतील.

आपल्याकडे वॉर्डात सगळ्याच औषधांना सरसकट 'आयनोट्रोप चालू आहेत' म्हणायची सवय आहे. ती सोडावी असे मला मनापासून वाटते. नॉरअ‍ॅड्रेनालिन हे मुख्यतः रक्तवाहिनी आवळणारे औषध आहे, डोब्युटामिन हे हृदयाचा जोर वाढवणारे. शब्द एक झाला की विचारही एक होतो, आणि कोणता रिसेप्टर हवा आहे हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

डोस वाढवण्याआधी

'प्रतिसाद नाही' असे ठरवण्यापूर्वी प्रतिसाद खरोखर मोजला जातो आहे ना, ते बघा. आर्टिरियल लाइनचा, म्हणजे धमनीत घातलेल्या नळीचा, दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर चौथ्या बरगडीफटीच्या रेषेत, छातीच्या मध्यकाखेच्या पातळीवर हवा. तो १० सेंटिमीटर वर राहिला तर दाब सुमारे ७.५ मिमीने कमी दिसतो, आणि तेवढ्यासाठी डोस दुप्पट झालेला आढळतो. डोस फार चढलेला असेल तर मनगटातली धमनी स्वतःच आवळलेली असते आणि मांडीच्या धमनीपेक्षा कमी दाब दाखवते. अशा वेळी फिमोरल लाइन घालून बघणे योग्य.

मग औषधाची मात्रा. नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या अँप्यूलवर बायटार्टरेट क्षाराचा आकडा असतो आणि शुद्ध बेसचाही. २ मिलिग्रॅम बायटार्टरेट म्हणजे १ मिलिग्रॅम बेस. क्षाराचा आकडा बेस समजून सिरिंज भरली तर रुग्णाला ठरवलेल्या डोसच्या निम्माच मिळतो, आणि एका पाळीने एक व दुसरीने दुसरे धरले तर सिरिंज बदलताच दाब उडी मारतो. युनिटमध्ये एकच रीत ठरवा आणि सिरिंजवर लिहा. उदाहरणार्थ ४ मिलिग्रॅम बेस ५० मिलीमध्ये, म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला ०.१ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट म्हणजे तासाला ४.५ मिली, आणि ०.२५ म्हणजे सुमारे ११.२ मिली. या औषधाचा परिणाम मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो, म्हणून संपत आलेल्या सिरिंजच्या शेजारी दुसरा पंप आधीच चालू करून ठेवावा. लाइनच्या त्याच ल्युमेनमधून (नळीतल्या वाटेतून) अँटिबायोटिकचा बोलस, म्हणजे एकदम ढकललेला डोस, देऊ नये. आधी उसळी आणि मग खड्डा असा आलेख दिसला की हे कारण शोधा.

तिसरी गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते: घरच्या गोळ्या. नातेवाइकांना औषधांची पिशवी आणायला सांगा. टेल्मिसार्टन असेल तर एटी-१ रिसेप्टर आधीच अडलेला आहे, आणि गोळी काल सकाळी घेतली असली तरी त्याचा अर्धायुकाल २४ तासांच्या आसपास आहे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा प्राझोसिन असेल तर अल्फा-१ वर अडथळा आहे. कार्व्हेडिलॉल अल्फा-१ आणि बीटा दोन्हींवर बसते. मेटोप्रोलॉलमुळे नाडी ८० च दिसते आणि शॉक सौम्य वाटतो. अ‍ॅम्लोडिपिन कॅल्शियमची मार्गिकाच बंद ठेवते, तेही ३० ते ५० तासांच्या अर्धायुकालाने. ज्या दारावर बाहेरून कुलूप आहे ते ठोठावत बसण्यापेक्षा दुसऱ्या दाराकडे लवकर जावे.

यासोबत आयनीकृत कॅल्शियम, पीएच आणि हृदयाचा इको. जवनिका मंद दिसली आणि दाब जरा सावरला असूनही हातपाय थंडच राहिले, तर डोब्युटामिन किंवा अ‍ॅड्रेनालिनचा विचार करा. जवनिका रिकामी, भिंती एकमेकींना टेकताहेत असे दिसले तर आधी द्रव.

दुसरे दार केव्हा उघडायचे

सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्ष्य मॅप ६५, पहिले औषध नॉरअ‍ॅड्रेनालिन, आणि ते ०.२५ ते ०.५ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिटच्या टप्प्यात पोचले की व्हॅसोप्रेसिन जोडायचे. मी या टप्प्याच्या खालच्या टोकाला, ०.२५ लाच जोडण्याच्या बाजूने आहे. कारण रिसेप्टरच्या हिशेबात आहे: सपाट माथ्यावर पोचल्यावर जोडण्यापेक्षा चढावर असतानाच दोन दारांवर भार वाटला, तर दोन्ही कमी थकतात.

व्हॅसोप्रेसिन इथे दोन कारणांनी शोभते. शॉक लांबला की पिट्यूटरीतला त्याचा साठा संपत येतो आणि रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा खाली जाते. म्हणजे आपण कमतरता भरून काढतो. आणि ते केएटीपी मार्गिका बंद करायलाही मदत करते, म्हणून आम्लता असताना नॉरअ‍ॅड्रेनालिनपेक्षा तग धरते. डोस ०.०३ युनिट/मिनिट, ठरलेला. २० युनिट ५० मिलीत घातले तर मिलीला ०.४ युनिट, म्हणजे तासाला ४.५ मिली. ते नॉरअ‍ॅड्रेनालिनसारखे वरखाली करत बसू नये. ०.०४ च्या वर गेले की हृदयाच्या, आतड्याच्या आणि बोटांच्या रक्तपुरवठ्याला धोका वाढतो. त्याचे व्ही-२ रिसेप्टर मूत्रपिंडात पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सोडियमवर लक्ष हवे. २००८ च्या व्हॅस्ट चाचणीत ७७८ रुग्णांत एकूण मृत्यूदर बदलला नाही, नॉरअ‍ॅड्रेनालिन मात्र कमी लागले. टर्लिप्रेसिन अनेक ठिकाणी त्याऐवजी वापरतात. त्याचा परिणाम तासन्‌तास टिकतो, म्हणून बोटे काळवंडायला लागली तर लगेच मागे फिरता येत नाही, हे ध्यानात घेऊनच वापरावे.

स्टेरॉइडचा रिसेप्टर पेशीच्या आवरणावर नसतो, तो आत असतो. हायड्रोकॉर्टिसोन आत शिरून त्यावर बसते, जोडी केंद्रकात जाते, एनएफ-कप्पा-बी ला दाबते, आयनॉसची निर्मिती रोखते आणि अल्फा-१ रिसेप्टर पुन्हा तयार व्हायला मदत करते. मोडलेला जिना दुरुस्त करणारे हे औषध आहे. नॉरअ‍ॅड्रेनालिन ०.२५ किंवा जास्त, किमान ४ तास लागत असेल तर दिवसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ६ तासांनी ५० मिलिग्रॅम. जनुकांमार्फत होणाऱ्या कामाला वेळ लागतो, तरी ५० मिलिग्रॅमनंतर तासाभरात नॉरअ‍ॅड्रेनालिनचा प्रतिसाद सुधारल्याचे मोजले गेले आहे. २०१८ च्या अ‍ॅड्रिनल चाचणीत शॉक उतरायला ४ ऐवजी ३ दिवस लागले, ९० दिवसांचा मृत्यूदर मात्र बदलला नाही. त्याच वर्षीच्या अ‍ॅप्रोक्स चाचणीत रोज ५० मायक्रोग्रॅम फ्लुड्रोकॉर्टिसोन जोडले होते, तिथे मृत्यूदर ४९.१ वरून ४३ टक्के झाला. साखर आणि सोडियम वाढतात, त्यांची तयारी ठेवा.

अँजिओटेन्सिन-२ चे तर्कशास्त्र सुंदर आहे. अँजिओटेन्सिन-१ चे २ मध्ये रूपांतर करणारे एसीई विकर मुख्यतः फुप्फुसाच्या अस्तरावर असते. ते अस्तर दुखावले की रूपांतर अडते, मूत्रपिंड रेनिन वाढवत राहते आणि एटी-१ रिसेप्टर मात्र उपाशी राहतो. अथॉस-३ चाचणीत, २०१७ मध्ये, तिसऱ्या तासाला दाबाचे लक्ष्य गाठणारे रुग्ण ६९.९ टक्के होते, प्लासिबोत, म्हणजे औषध नसलेल्या गटात, २३.४. सुरुवात २० नॅनोग्रॅम/किलो/मिनिट, सोबत रक्ताच्या गुठळ्यांविरुद्ध प्रतिबंधक औषध. टेल्मिसार्टनने एटी-१ अडलेला असेल तर इथेही प्रतिसाद कमी मिळू शकतो.

तिन्ही दारे उघडून झाली तरी दाब नाही, म्हणजे जिन्याकडे वळायचे. मेथिलीन ब्ल्यू ग्वानिलेट सायक्लेजला थोपवते. मेक्सिकोतल्या ९१ रुग्णांच्या चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम ६ तासांत, असे ३ दिवस दिल्यावर दाबाची औषधे ९४ ऐवजी ६९ तासांत (मध्यक) सुटली. चाचणी लहान आहे, आणि तिच्यात औषध पहिल्या २४ तासांतच सुरू केले होते; उशिरा दिले तर काय होते ते ती सांगत नाही. देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या विकराची कमतरता आहे का? असेल तर रक्तपेशी फुटतात. पारशी आणि काही आदिवासी समाजांत ती जास्त आढळते. आणि एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन किंवा लिनेझोलिड चालू आहे का? मेथिलीन ब्ल्यू सेरोटोनिन मोडणारे एमएओ विकरही रोखते, त्यामुळे सेरोटोनिन साठून सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. औषध चालू केल्यावर पल्स ऑक्सिमीटर खोटाच खाली येतो, लघवी हिरवी-निळी होते. घाबरून ऑक्सिजन वाढवण्याआधी धमनीतल्या रक्ताचा गॅस बघा.

अ‍ॅड्रेनालिनबद्दल एक सूचना. ते स्नायूंतल्या बीटा-२ रिसेप्टरवरही बसते आणि ऑक्सिजन भरपूर असतानाही ग्लायकोलिसिस वाढवते, त्यामुळे लॅक्टेट चढते. ते लॅक्टेट पाहून आणखी द्रव ओतणे ही नेहमीची चूक. अशा वेळी केशिका किती सेकंदांत भरतात आणि लघवी किती होते, यांवर भरवसा ठेवावा. डोपामिन लहान रुग्णालयांत अजून सर्रास लावले जाते. ते डोपामिन, बीटा-१, अल्फा-१ अशा सगळ्यांवर कमीअधिक बसते, आणि २०१० च्या सोप-२ चाचणीत हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या १२.४ टक्क्यांसमोर २४.१ टक्के होते. नॉरअ‍ॅड्रेनालिन मिळत असताना डोपामिनला जागा नाही. सेंट्रल लाइन नाही म्हणून ते लावले जाते, हेही कारण आता पटण्यासारखे नाही. नॉरअ‍ॅड्रेनालिन कोपराच्या वरच्या बाजूच्या, चांगल्या मोठ्या शिरेतून, तासातासाला जागा तपासत, थोड्या काळासाठी देता येते. शिरेबाहेर गळले तर तिथल्या त्वचेच्या अल्फा-१ वर उतारा म्हणून फेन्टोलामिन ५ ते १० मिलिग्रॅम १० मिली सलाइनमध्ये भोवती टोचावे.

रिसेप्टरच बंद का करत नाही?

हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर महागड्या चाचण्यांनी दिले आहे. टीएलआर-४ अडवणाऱ्या एरिटोरनची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी १,९६१ रुग्णांवर होती. २८ दिवसांचा मृत्यूदर औषधात २८.१ टक्के, प्लासिबोत २६.९. रुग्ण आपल्यापर्यंत येतो तेव्हा टीएलआर-४ चा निरोप कधीच पुढे गेलेला असतो, आणि सगळ्यांच्या शरीरात ग्रॅम-निगेटिव्ह जंतू असतोच असेही नाही. नायट्रिक ऑक्साइडचे उत्पादन सरसकट रोखणाऱ्या औषधाची, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी तर अर्ध्यातच थांबवावी लागली होती: दाब वाढला, पण मृत्यू ४९ वरून ५९ टक्क्यांवर गेले. अस्तरातले उपयोगी नायट्रिक ऑक्साइडही त्यात बंद झाले, फुप्फुसातला दाब वाढला आणि हृदयाने टाकलेले रक्त घटले. केएटीपी मार्गिका बंद करणारे ग्लिबेनक्लामाइड लहान चाचण्यांत उपयोगी पडले नाही. मोठ्या मात्रेतल्या क जीवनसत्त्वाने २०२२ च्या लोव्हिट चाचणीत अपाय दिसला, तेव्हा ते देणे थांबवावे. मॉनिटरवरचा आकडा वाढला म्हणून रुग्ण वाचला असे धरून चालणे किती धोक्याचे आहे, ते २००४ च्या त्या चाचणीइतके दुसऱ्या कशाने दाखवलेले नाही.

म्हणून मॅप ८५ च्या मागे धावू नका. २०१४ च्या सेप्सिसपॅम चाचणीत ७७६ रुग्णांत ६५–७० आणि ८०–८५ यांत मृत्यूदराचा फरक नव्हता, वरच्या गटात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची अनियमित लय, जास्त झाले. जुना उच्च रक्तदाब असलेल्यांत मात्र वरच्या गटात डायलिसिस कमी लागले, तेव्हा त्यांच्यासाठी काही तास ७५–८० वर ठेवून लघवी वाढते का ते पाहणे गैर नाही. फरक पडला नाही तर परत ६५ वर या.

रिसेप्टर पुन्हा आवरणावर येतात ते त्यांना बोलावणारा निरोप थांबल्यावर. अँटिबायोटिक पहिल्या तासात, आणि पू असेल तर तो बाहेर. मुतखड्यामागे तुंबलेले मूत्रपिंड, पित्तनलिकेतला अडथळा, फुटलेले आतडे, मांडीतला खोल सडलेला भाग: यांतले काही आत शिल्लक असेल तर औषधांची चौथी जोडही उपयोगी पडत नाही. योग्य अँटिबायोटिक देऊन ६ ते १२ तास झाले आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन उतरायचे नाव नाही, तर पंपाकडे न बघता सोनोग्राफी किंवा सीटी करा आणि सर्जनला हाक द्या.

उतार सुरू झाला की घाई नको. नॉरअ‍ॅड्रेनालिन १५–२० मिनिटांनी थोडे थोडे खाली आणा आणि दर वेळी खालचा दाब बघा. तो ५० च्या वर टिकून असेल तर स्नायूपेशी पुन्हा ऐकू लागल्या आहेत. व्हॅसोप्रेसिन आधी काढावे की नंतर, यावर अभ्यासांत एकमत नाही. नॉरअ‍ॅड्रेनालिन ०.१ च्या आसपास आल्यावर व्हॅसोप्रेसिन ०.०१ च्या पायऱ्यांनी कमी करत जाणे व्यवहारात सुरक्षित पडते. ते थांबवल्यानंतर काही तासांत दाब पडला, तर त्याला नवा संसर्ग समजण्याआधी ०.०१ ते ०.०२ वर परत लावून पाहावे. हायड्रोकॉर्टिसोन मात्र दाबाची सगळी औषधे सुटेपर्यंत चालू ठेवा. ते आधी थांबवले तर बरे होत आलेल्या रिसेप्टरांचा आधार निघून जातो आणि पंप पुन्हा जोडावा लागतो.